मांयच्या एकोणीस गाठी

माझी नात म्हणते, आजये, तू एकच गोष्ट तीनदा सांगतेस आणि तिन्ही वेळा वेगळी सांगतेस. तिचं खरं आहे. गेल्या पावसाळ्यात माझा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. तांदूळ कुठे सापडले ते मी सांगणार नाही. डॉक्टरांनी मधेच माझ्याशी बोलायचं सोडून माझ्या मुलाशी बोलायला सुरुवात केली, तेव्हाच मला काय ते कळलं. तर आठवतंय तोवर ही दोरीची गोष्ट लिहून ठेवते. हिच्यात मी फार वाईट दिसते, त्यामुळे ती खोटी असण्याचा संभव कमी.

लग्न होऊन सावंतवाडीहून मी इथे मालवणच्या किनाऱ्याला आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला सगळं ठाऊक होतं. मॅट्रिक झाले होते. सिस्टरांच्या हाताखाली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं अशी घोटली होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी देव कोण, आत्मा म्हणजे काय, कृपा किती प्रकारची, सगळं खडाखडा म्हटलं असतं. त्याबद्दल बक्षीस मिळालेली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर मी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवून आणली होती. ट्रंक उघडली की सासरच्यांना आधी ती दिसावी म्हणून. साड्या खाली.

नवरा बोटीवर नोकरीला. लग्नानंतर महिन्याभरातच तो मुंबईला जाऊन बोटीवर चढला, तो आता दीड वर्षाने येणार. सासरे आधीच देवाघरी गेलेले. घरात उरलो दोघी, मी आणि मांय. सासूला आमच्यात मांय म्हणतात.

मांयला अक्षर येत नव्हतं. संध्याकाळी ती तेर्स, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणायची. तिच्यात लॅटिनचे तुकडे होते, कोंकणीचे होते, आणि काही शब्द असे होते की ते देवालाच कळत असतील. मी ते दुरुस्त करायची. सून घरात येऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि सासूची प्रार्थना सुधारायला बसली. मांय ‘बरां’ म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत आपलंच म्हणायची.

तेर्स संपला की ती अल्तारामागे हात घालायची. अल्तार म्हणजे आमची देवाची फळी: क्रूस, मेणबत्ती, सायबिणीची, म्हणजे मारियामातेची, मूर्ती, आणि आता माझी तसबीर. तिथून ती काथ्याची एक दोरी काढायची. सासऱ्यांच्या रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराचा उरलेला तुकडा, विहिरीत सोडता येईल एवढा लांब. त्याला जागोजागी गाठी. मांय एका टोकापासून सुरुवात करायची, गाठीवर बोट आलं की थांबायची, पुढे जायची. तोंडाने काही नाही. शेवटच्या गाठीपाशी दोरी कपाळाला लावून परत अल्तारामागे.

मी एकदा विचारलं होतं, हे काय? तर म्हणाली, देवाने सांभाळलं त्याच्या आठवणी. तिच्या बापाला दर्यावर दिवस लक्षात ठेवायला गाठ मारायची सवय होती, तीच हिने उचललेली. मला हे अजिबात पटलं नाही. दोरीला गाठी मारणं आमच्या प्रश्नोत्तरांत कुठेच नव्हतं. माळेला पोपसाहेबांची मान्यता होती, दोरीला कोणाची होती?

आता माझा पराक्रम.

ती ईस्टरनंतरची गोष्ट. मांय सकाळच्या एसटीने वेंगुर्ल्याकडे बहिणीला भेटायला गेली होती. मी पाणी काढायला गेले आणि जोर दाखवायच्या नादात विहिरीची जुनी दोरी तुटली, कळशी खाली. शेजारचा गळ मागून आणून कळशी काढली, तो परत केला, पण आता दोरी नाही. बाजारात जायला मला ऊन लागत होतं. मग मला आठवलं, अल्तारामागे एक चांगली दणकट दोरी नुसती पडून आहे. फक्त गाठी रहाटात अडकतील.

दाभण घेतला आणि ओटीवर बसले. जुन्या काथ्याच्या गाठी, दगडासारख्या झालेल्या. शेवटची गाठ त्यातल्या त्यात नवी आणि सैल होती, तिच्यापासून सुरुवात केली. नखं मोडली, बोटं सोलली. पण मनात म्हणत होते, हे चांगलं काम आहे, घरातली एक अंधश्रद्धाही जाईल आणि पाणीही येईल. मोजत होते सुद्धा. एकोणीस निघाल्या. रविवारी पाद्रींना हे कसं सांगायचं त्याची वाक्यं मी तिथेच बसून तयार केली. त्या मुलीला आज माझ्यासमोर आणून उभी केलीत तर मी तिला मारणार नाही, पण तिच्या हातातला दाभण नक्की काढून घेईन.

संध्याकाळी मांय आली. पाय धुवायला विहिरीवर गेली आणि रहाटावरची दोरी तिने हातात धरली. बराच वेळ धरून उभी होती. मी दारातून ऐटीत सांगितलं की जुनी तुटली, ही लावली, आणि गाठी सोडल्या कारण तशा गोष्टी धर्मात बसत नाहीत.

“कितको वेळ लागलो गो?” तिने विचारलं.

मी सांगितलं, जेवणापासून चहापर्यंत.

“माका बांदूक चाळीस वर्सां लागली,” ती म्हणाली, आणि पाय धुतले.

एवढंच. ना ओरडली, ना रडली. बहिणीने दिलेली फणसाची पोळी तिने मला अर्धी तोडून दिली. त्या रात्री तेर्स झाल्यावर तिचा हात अल्तारामागे गेला आणि रिकामा परत आला. दुसऱ्या दिवशीही गेला. आठवडाभर जात होता.

आणि मी काय केलं? काही नाही. गाठी सुटल्या तरी दोरीला जिथे जिथे गाठ होती तिथे बाक राहिला होता. पाणी काढताना तो हाताला लागायचा. तेव्हाच माफी मागून, ‘मांय, ये, परत बांधू’ म्हटलं असतं तर जागा तरी सापडल्या असत्या. पण मला कमीपणा वाटत होता. पावसाळा आला, गेला. रहाटाने आणि पाण्याने ते बाक एकेक करून सरळ केले. सप्टेंबरात दोरी अशी गुळगुळीत झाली होती की बाजारातून आणल्यासारखी.

ऑक्टोबरात, तेर्साच्या महिन्यात, मांयच्या अंगावरून वारं गेलं.

सकाळी चुलीपाशी ती बसली होती ती एका बाजूला कलंडली. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड गेलं. कुंपणापलीकडची काकी धावत आली. तिचं घर आमच्यातलं नव्हे, दारात तुळस असलेलं, पण आमच्या घरात माझ्यापेक्षा तिचा वावर जास्त. तिने आणि मी मांयला खाटेवर घेतलं. मालवणहून डॉक्टर आले, म्हणाले की हात परत चालेल अशी आशा धरू नका, बोलणं आता आहे तेवढं आहे, ते पण कमी होत जाईल. नवऱ्याला पत्र टाकलं. त्याची बोट कुठल्या समुद्रात होती देव जाणे.

मी मांयच्या डाव्या हातात माळ दिली. ती खाली पडली. परत दिली, परत पडली. मला वाटलं हातात बळ नाही. पण तो डावा हात सारखा उशीच्या वर जायचा, भिंतीकडे, काहीतरी चाचपत. काकी म्हणाली, काय शोधते गो ही? मला कळलं होतं. मी खाली पडलेली माळ उचलून परत तिच्या हातात दिली.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. इतर पापं आधी सांगितली, लहान लहान, ओळीने. मग गाठींचं. जाळीपलीकडून पाद्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं: तिची माफी मागितलीस का?

एवढी प्रश्नोत्तरं पाठ, पण हा प्रश्न त्यांत नव्हता.

घरी आले, विहिरीवरची दोरी सोडली. ओली, काळी पडलेली, शेवाळाचा वास येणारी. ती तशीच मांयच्या हातात दिली. तिने बोटं फिरवली. फिरवतच राहिली. सगळी सरळ. मी खाटेच्या पायथ्याशी बसून रडत होते आणि माफी मागत होते, आणि तिने दोरी नाकाशी नेली आणि अर्ध्या तोंडाने हसली. म्हणाली की पाणी तरी गोड लागलं ना.

मग जड जिभेने म्हणाली, “बस. मी सांगतंय. तू बांद.”

तसं आमचं सुरू झालं. रोज दुपारी, तिला पेज भरवून झाली की मी दोरी घेऊन खाटेवर बसायची. ती सांगायची, मला कळेपर्यंत परत सांगायची, आणि मी गाठ मारायची. एकोणीस परत मिळवायच्या होत्या, तिची जीभ पुरेल तोवर. एखादा दिवस चांगला असला तर एक गाठ. कधी चार-चार दिवस काहीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहायची.

पहिली गाठ मला फार आवडली. वादळात माड घरावर पडला होता. ज्या कोपऱ्यात माझ्या नवऱ्याचा पाळणा होता तेवढा कोपरा सोडून. ही खरी देवाची कृपा, मी म्हटलं, आणि गच्च गाठ मारली. दुसरी, सासऱ्यांना तारवावर ताप आला होता आणि ते बरे होऊन आले त्याची. तिसरी काकीने घेतली. ती पेजेचं भांडं न्यायला आली होती, दारातून ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, “मी चाळीस दिवस कुंपणावरसून पेज घातलंय तुका, बाळंतपणात. ती गाठ माजी.” मांयने मान डोलावली. मी म्हटलं, काकी, ती देवाची आहे. काकी म्हणाली, देवाक पेज करूक येता?

चौथीपाशी मी अडले.

मांय म्हणाली, चेडू. मुलगी. माझ्या नवऱ्याच्या आधी झालेली, मला कोणी सांगितलीच नव्हती. अकरा दिवस जगली. मी विचारलं, मग? मांय म्हणाली, मग काही नाही, अकरा दिवस.

माझ्या हातात दोरी तशीच राहिली. मला वाटलं तिचं डोकं गोंधळलं. मी समजावून सांगायला लागले, मांय, ही दुःखाची गोष्ट, आपण देवाने सांभाळल्याच्या गाठी मारतो आहोत ना?

“बांद,” ती म्हणाली.

“मगे देवान वाचवल्यान कित्याक नाय?” मी विचारलं. मला राग आला होता, कोणाचा ते ठाऊक नाही.

“ता माका ठावक नाय.” ती दमली, थांबली. मग डावा हात खाटेच्या कडेवर ठेवला, मी बसले होते तिथे. “तो हयच बसललो. अकरा दिस. इतक्याच माका ठावक आसा.”

मी बांधली. दोरीकडे न बघता मारली, त्यामुळे ती वाकडी बसली आहे; आजही वाकडीच आहे. कृपा किती प्रकारची याचं माझं उत्तर त्या दुपारी मी विसरले आणि नंतर ते मला परत कधी नीट आठवलं नाही. याला मी विसरभोळेपणात धरत नाही.

त्यानंतर अशाच निघत गेल्या. पीक आलं त्याची एक, पीक गेलं त्याची एक. सासरे गेले त्या सकाळची एक. कुठली आनंदाची आणि कुठली नाही, बोटाला सगळ्या सारख्याच लागायच्या. नाताळपर्यंत बारा झाल्या. नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळता तळता मी काकीला म्हटलं, सात राहिल्या. काकी म्हणाली, तिका दमव नको. पण मला घाई होती, कारण मांयचे शब्द रोज कमी होत होते. काल जो शब्द होता तो आज नसायचा. ती तोंड उघडायची, आणि बाहेर नुसता श्वास यायचा, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी उगाच शब्द सुचवायची: ताप? बोट? कोण मेलं? कोण आलं? ती मान हलवायची, नाही, नाही. मी अंदाजाने माणसाचं अख्खं आयुष्य धुंडाळत होते आणि काही हाताला लागत नव्हतं. तिला त्रास देते आहे हे दिसत असूनही मला थांबता येत नव्हतं. मीच सोडल्या होत्या ना त्या.

तेराव्या गाठीला तिने दोरीचं दुसरं टोक मागितलं. अगदी शेवट. तिथे एक होती, ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं.

मला कळेना. तिने परत माझ्याकडेच बोट केलं. मग आठवलं, सगळ्यात नवी, सैल, जिच्यापासून मी सुरुवात केली होती ती. माझ्या लग्नाची. मी या घरात आले त्या दिवशी बांधलेली.

मी तर शरमेने मेलेच, पण जीभ गप्प बसेना. म्हटलं, मांय, मला तर बांगडा पण साफ करता येत नव्हता. माझ्यात कसली आली कृपा?

“म्हणानच बांदलंय,” मांय म्हणाली. “माका धीर होयो होतो.”

हे तिचं शेवटचं धड वाक्य. सासवा शेवटचं वाक्य निवडूनच ठेवतात की काय कोण जाणे.

उरलेल्या सहा मला मिळाल्या नाहीत. ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू झाला तोवर तिच्या तोंडात एकही शब्द राहिला नव्हता. मी काकीला विचारलं, तिच्या बहिणीला बोलावून घेतलं, नवऱ्याला पत्रातून विचारलं. बहिणीने चार गोष्टी सांगितल्या. मांयने चारही वेळा मान हलवली, नाही. मी किनाऱ्यावरच्या खुर्सापाशी, क्रूसापाशी, जाऊन गुडघे टेकले आणि देवाला म्हटलं की तुला तर आठवत असेल, मग सांग ना. काही आलं नाही. समोर समुद्र होता, त्याचंच चाललं होतं.

ती गेली ती दुपारी, पेज अर्धी घेऊन. त्याआधीचे दोन-तीन दिवस ती दोरी सोडत नव्हती. मी बाजूला बसून बघत होते. डावं बोट गाठीवर आलं की थांबायचं, पुढे जायचं, असं बारा वेळा. बाराव्या गाठीनंतर शेवटच्या गाठीपर्यंत मोकळी दोरी होती. बोट तिथेही चालत राहिलं. आणि थांबलं. पुढे गेलं, आणि थांबलं. मोकळ्या दोरीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे. मी श्वास धरून मोजलं. सहा वेळा. मग माझी गाठ, आणि दोरी कपाळाला.

तिच्याकडे सगळ्या होत्या. मला एक शब्द कळला नाही, आजही नाही. जिथे बोट थांबलं तिथे मी नंतर गाठी मारू शकले असते. पण कशाच्या ते ठाऊक नसताना हात पुढे होईना. तेवढी दोरी मी मोकळीच ठेवली.

दोरी परत अल्तारामागे गेली. पुढे तिला माझ्या गाठी जोडल्या गेल्या, मांयच्या दोरीला नवा काथ्या गुंफून. मी अडखळत का होईना गाठी मारत गेले. नवरा आला त्याची. दोन मुलं झाली त्यांच्या. एक झालं नाही त्याची. काकी गेली तेव्हा एक, आणि ती मारताना मी मोठ्याने म्हटलं, ही तुझीच गो, भांडू नको. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, त्याचीही आहे. मी बांधताना विचारलं नाही, का नाही वाचवलंस. खाटेच्या कडेला जागा करून बसले.

आता नात हट्टाला पेटली आहे की प्रत्येक गाठीला एक चिठ्ठी लावायची, आजीला आठवतंय तोवर. शिकलेली आहे, माझ्यावर गेली आहे. परवा माझ्या नऊ गाठींपैकी पाचवीवर बोट ठेवून तिने विचारलं, ही कशाची? मी म्हटलं, तुझ्या बापाला कावीळ झाली होती त्याची. तिने लिहून घेतलं. काल परत विचारलं. मी म्हटलं, गाय विहिरीत पडून जिवंत निघाली त्याची. तिने वही मिटली.

“आजये, आमच्याकडे गाय कधी होती?”

मी हसले, तिला वाटावं की मी थट्टा केली. थट्टा करायची माझी सवय आता फार उपयोगी पडते. पण ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली. मग मी सांगितलं, “माका आठवत नाय गो.”

तिचा चेहरा असा झाला की मलाच वाईट वाटलं. तिला वाटतं प्रयत्न केला तर आठवेल. मी तासभर केला. ताप, बोट, कोण आलं, कोण मेलं. तेच शब्द, जे मी एकदा मांयपुढे टाकत होते. तेव्हा तिला कसं होत असेल ते मला पन्नास वर्षांनी कळलं. तोंड उघडावं आणि आत कोणी नसावं.

गाठ माझीच आहे यात शंका नाही. मी डावखुरी, माझ्या गाठीचा पीळ उलटा बसतो. मांयच्या बापाला तो पाहून झीट आली असती. म्हणजे कधीतरी काहीतरी झालं होतं, आणि त्या दिवशी मी इथे बसून ही बांधली होती, आणि मी एकटी नव्हते. काय झालं होतं ते गेलं. बाकीचीही जातील, एकेक करून, डॉक्टर म्हणाले तशी. मला भीती वाटते. वाटत नाही असं लिहिलं तर नात म्हणेल, आजये, ही पण गायच.

आज संध्याकाळी तेर्स झाल्यावर मी दोरी काढली. नात शेजारी बसली होती, वही न आणता. मांयच्या गाठी झाल्या, मोकळी दोरी झाली, लग्नाची गाठ झाली, मग माझ्या सुरू झाल्या. पाचवीवर माझं बोट थांबलं. काहीच आलं नाही. मी तिथेच थांबून राहिले, बाकीच्यांवर थांबते तेवढा वेळ, आणि मग पुढे गेले.